मंगळवारचं पाणी

मंगळवारी सकाळी डॉक्टरांनी रिपोर्ट वाचला आणि मला जिभेचा कर्करोग आहे असं सांगितलं. माझे पती प्रभाकर शेजारी बसले होते. ऑपरेशन करावं लागेल आणि जिभेचा भाग काढावा लागेल, असं डॉक्टर म्हणाले. आम्ही उठलो, बाहेर आलो आणि ऑटोने घरी गेलो.

घरी मी कुकर लावला. प्रभाकरांनी वर्तमानपत्र उचललं आणि तसंच परत ठेवलं. रोज सकाळी ते दाढी करत आणि मी त्यांना पेपर मोठ्याने वाचून दाखवत असे, लग्नापासूनची सवय. आम्हाला मूल नाही. घरात आवाज असतो तो आम्हा दोघांचाच. त्या दिवशी पेपर वाचायचा राहिला होता. शेवटी मी पहिल्या पानावरची एक बातमी वाचायला घेतली. पण प्रत्येक शब्दाला जीभ दाताला कुठे टेकते, टाळूला कुठे लागते, इकडेच लक्ष जाऊ लागलं. मी थांबले.

"राहू दे," ते म्हणाले.

*

पहिल्या आठवड्यात मला सर्वांत जास्त वेळा विचारला गेलेला प्रश्न म्हणजे, "खर्रा खात होत्या का?" सुपारी, तंबाखू आणि चुना एकत्र घोटून आमच्याकडे पानठेल्यावर खर्रा मिळतो. तो मी कधी तोंडात घातला नाही. मी नाही म्हटलं की विचारणाऱ्याचा चेहरा पडे, कारण मग हे कोणालाही होऊ शकतं असा अर्थ निघे. शेजारच्या काकू म्हणाल्या, "आठवून तं पाहा बाप्पा. लहानपणी, एखाद वेळ?" डॉक्टर म्हणाले की एखादी दाढ घासत असेल, किंवा काहीच कारण नसेल. काहीच कारण नसेल, हे ऐकून मी जास्त घाबरले.

मी वर्ध्याच्या एका महाविद्यालयात ग्रंथपाल होते. सगळं आयुष्य पुस्तकांत गेलं. त्या महिन्यात मी एकही पुस्तक उघडलं नाही. मला मरणाची भीती वाटत होती, पण ती मागून आली. आधी आली ती वेगळीच भीती. पाणी कसं प्यायचं? जीभ नसेल तर घोट मागे कोण ढकलणार? स्वयंपाकघरात उभी राहून मी एकेक घोट घेई आणि जीभ नेमकं काय करते ते पाही. जितकं पाहावं तितकं ते अशक्य वाटे. हे कोणाला विचारायची लाज वाटत होती. एवढा मोठा आजार आणि ही बाई पाण्याचं विचारते, असं वाटलं असतं.

*

ज्या रुग्णालयात माझं ऑपरेशन झालं त्याचं नाव लिहीत नाही. वर्ध्याबाहेर, शेतं सुरू होतात तिथे एका संस्थेची ती बैठी जुनी इमारत आहे. तिथे कर्करोगाच्या शस्त्रक्रियेचा वॉर्ड होता आणि वॉर्डासमोर लांब ओसरी. ऑपरेशनं बुधवारी होत, म्हणून नवे रोगी मंगळवारी भरती होत. ज्यांची ऑपरेशनं आधी होऊन गेली होती त्यांची तपासणीही मंगळवारीच असे. दोन्ही प्रकारची माणसं त्याच ओसरीत, त्याच बाकांवर बसत. हे कोणी विचार करून ठरवलं होतं की खोल्या कमी होत्या म्हणून तसं झालं, ठाऊक नाही. पण त्यातून एक रीत पडली होती. मला ती कोणी आधी सांगितली नव्हती.

भरती झाले त्या दुपारी, जेवण झाल्यावर, माझ्या खाटेपाशी एक माणूस आला. पांढरा सदरा, खांद्यावर दुपट्टा. जबड्याची एक बाजू आत गेलेली. मागे वॉर्डाच्या मोठ्या सिस्टर उभ्या होत्या, हातात पाण्याने भरलेला स्टीलचा पेला.

"तुमी वाचनालयवाल्या मॅडम न? मी शेषराव. नागपूर रोडवर जामच्या चौकात माहा चायचा ठेला हाये."

त्यांचं बोलणं मी इथे सरळ लिहिते आहे. तेव्हा मला प्रत्येक वाक्य दोनदा विचारावं लागलं होतं. शब्द तोंडातल्या तोंडात फिरून बाहेर येत.

"पानी पिऊन दाखवाले आलो."

"मला तहान नाही," मी म्हटलं.

"तुमाले नाई हो. मी पितो. तुमी पाहा फक्त."

ते स्टुलावर बसले. डोकं उजव्या बाजूला कललं, हनुवटी छातीकडे आली. एक घोट घेतला, दम धरला, गिळला, खोकले. ओठाच्या कोपऱ्यातून थोडं पाणी ओघळलं, ते दुपट्ट्याने पुसलं. मग दुसरा घोट. असा सगळा पेला. माझ्याशिवाय आणखी दोन खाटांवरची माणसं उठून बसली होती आणि पाहत होती.

"झालं," शेषरावभाऊ म्हणाले. "एवढंच हाये. डोकं चांगल्या बाजूले वाकवाचं, दम धराचा, गिळाचं, खोकलाचं. पयल्या दिवशी नाकातून येते. घाबराचं नाई. अन् हा गाल पाहा. इथं डॉक्टरनं छातीचं मास लावलं. आता गालावर छातीचे केस येतेत. बायको म्हनते, दाढी करा. म्हटलं, अवं, हे दाढी नोहे, हे छाती होय."

मी हसले. त्यानंतर कित्येक महिने मला पूर्ण तोंडाने हसता आलं नाही, म्हणून ते हसू लक्षात राहिलं.

मोठ्या सिस्टरांनी पेला पुन्हा भरून ठेवला होता. मला करून पाहावंसं वाटलं, म्हणून मी हात पुढे केला. त्यांनी पेला चटकन उचलला.

"आज फक्त पाहायचं, मॅडम. तुमचं पाणी नंतर."

आणि पेला घेऊन त्या निघून गेल्या. मला वाटलं, हाही रीतीचाच भाग असेल.

*

ऑपरेशननंतरचे दिवस मला सलग आठवत नाहीत. नाकातली नळी, मानेवरचे टाके, आणि तोंडात कोणीतरी परकी वस्तू ठेवून गेलंय अशी जाणीव. बोलण्यासाठी पाटी दिली होती. भेटायला येणारी माणसं माझ्याशी मोठ्याने बोलत, जसे काही माझे कान कापले होते. प्रभाकरसुद्धा. "सुमन! बरं! वाटतं! का!" मी पाटीवर लिहिलं, "ऐकू येतं." तेही त्यांनी तेवढ्याच मोठ्याने वाचून दाखवलं.

नळी काढली त्या दिवशी मोठ्या सिस्टर पेला घेऊन आल्या. "हे तुमचं," म्हणाल्या. मी डोकं वाकवलं, दम धरला. पाणी नाकातून आलं. शेषरावभाऊंनी सांगितलं होतं की नाकातून येतं, म्हणून मी मोडून पडले नाही. दुसऱ्या घोटातला अर्धा आत गेला. तिसरा गेला.

घरी आल्यावरचा काळ जास्त कठीण होता. माझी वाक्यं प्रभाकर पूर्ण करू लागले. मी "सा" म्हणायच्या आत ते म्हणत, "साखर? साडी? कोणती साडी?" मला साधं "सावकाश" म्हणायचं असे. एकदा मी पेला जमिनीवर आपटला. ते अंगणात जाऊन उभे राहिले. खिडकीतून त्यांची पाठ दिसत होती, खांदे हलत होते. मी गेले नाही. ज्यांच्या घरी असं आजारपण आलं आहे त्यांना एवढंच सांगेन. हळू बोला, आणि आमचं वाक्य आम्हाला संपवू द्या, कितीही वेळ लागला तरी.

पेपर आता ते स्वतःच मनात वाचत.

*

महिन्याच्या एका मंगळवारी माझी तपासणी असे. डॉक्टर हातमोजा घालून तोंडात बोट फिरवत, मग मानेवर. त्यांचं बोट एखाद्या जागी जरा थांबलं की मी त्यांच्या डोळ्यांकडे पाही. घरी मी रोज आरशासमोर टॉर्च धरून तोंड पाही. प्रत्येक लाल ठिपका म्हणजे तेच, असं वाटे. ही भीती कमी होते असं सांगतात. माझी झाली नाही. मी फक्त तिच्याबरोबर स्वयंपाक करायला शिकले.

त्या ओसरीत मात्र श्वास मोकळा होई, कारण तिथे माझं बोलणं सगळ्यांना समजे. बँकेत, दुकानात मला लिहून द्यावं लागे. तिथे कोणी "काय?" म्हणत नसे. मोठ्या सिस्टर, केसपेपर काढणारा माणूस, बाकावरचे बाकीचे, सगळ्यांचे कान आमच्या तोंडांना सरावलेले होते. हे दुखणं परत झालंच तर मी या माणसांत असेन, असा हिशेब मी मनात करून ठेवला होता.

अशाच एका मंगळवारी मोठ्या सिस्टर म्हणाल्या, "मॅडम, आता पाणी पिऊन दाखवायची तुमची पाळी येणार बरं का. ही वेणू."

वेणू आष्टीजवळच्या खेड्यातली. आष्टीच्या आठवडी बाजारात भाजी विकायची. कित्येक वर्षं तंबाखूच्या गुडाखूने दात घासत आलेली. तपासण्या सुरू होत्या, ऑपरेशनची तारीख मिळायची होती. तिचा नवरा दिलीप पिशव्या धरून मागे उभा होता आणि काही विचारलं की वेणूकडे पाहत होता.

"ताई, मले मरनाचं भेव नाई," वेणू म्हणाली. "पन बजारात ओरडा लागते. मुकी बाई भाजी कशी विकन?"

"मी मुकी आहे का?"

तिने जरा विचार केला. "नाई. पन तुमी भाजी नाई विकत न."

बाकावरचे सगळे हसले. माझं बोलणं तिला पहिल्याच भेटीत समजलं होतं, हे नंतर माझ्या लक्षात आलं.

"तुझ्या ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी येईन," मी म्हटलं. "पाणी पिऊन दाखवेन."

"आनि नाई जमलं तं?"

"तर खोकेन."

*

त्यानंतरच्या तपासणीला ओसरीच्या भिंतीवर सूचना चिकटवलेली होती. शस्त्रक्रिया विभाग संस्थेच्या नागपूरच्या रुग्णालयात हलवण्यात येत आहे. रुग्णांची तपासणी पूर्वीप्रमाणे इथेच होईल.

मी ती पुनःपुन्हा वाचली. कारणं खोटी नव्हती. भूल देणारे डॉक्टर इथे टिकत नव्हते, यंत्रं जुनी झाली होती, आमचे डॉक्टर एकटेच किती वर्षं ओढत होते. ते स्वतः म्हणाले, "सुमनताई, तिथे मला मदतीला माणसं आहेत. इथे काही बिघडलं तर मी एकटा आहे." तरी मला घाबरल्यासारखं झालं. तपासणी इथे आणि ऑपरेशन तिथे. म्हणजे झालेली माणसं एकीकडे आणि होणारी दुसरीकडे.

आम्ही विरोध करायचं ठरवलं. आम्ही म्हणजे ओसरीवरची माणसं. फाटकासमोर मांडव घालून धरणं धरलं. तोंडाच्या रोग्यांचं धरणं कसं असतं हे ज्यांनी पाहिलं नाही त्यांना सांगते. घोषणा देता येत नाहीत. शेषरावभाऊंनी माइक हातात घेतला आणि जोर लावून काहीतरी ओरडले. रस्त्यावरची माणसं वळून पाहू लागली. कोणालाच काही कळलं नाही. शेषरावभाऊ माइक खाली ठेवत म्हणाले, "राहू द्या बाप्पा. माह्या नाऱ्यानं दवाखाना काय राह्यते, आहे ते कुत्रे पळून जातीन." मग घोषणा बायका-पोरांनी दिल्या. आम्ही बसून राहिलो.

शेवटी संस्थेच्या विश्वस्तांनी आम्हाला भेटीला बोलावलं. निवेदन मी लिहिलं होतं. आष्टी-कारंज्याकडून नागपूरचा प्रवास, गरीब रोगी, सोबतच्या माणसांची मजुरी बुडणं, सगळं त्यात होतं. शेवटच्या परिच्छेदात पाण्याचं होतं. ते प्रभाकरांनी वाचून दाखवलं. कित्येक महिन्यांनी आमच्यापैकी कोणीतरी मोठ्याने वाचत होतं. माझी वाक्यं होती आणि ती त्यांनी एकही शब्द न बदलता पूर्ण केली.

"हे पाण्याचं काय आहे?" विश्वस्तांनी विचारलं. माणूस सौजन्याने बोलत होता.

प्रभाकर सांगू लागले. अडखळले. मी टेबलावरचा पेला जवळ ओढला. डोकं वाकवलं, दम धरला, प्याले, खोकले. पाणी हनुवटीवरून साडीवर आलं. मग शेषरावभाऊंनी पेला घेतला. त्यांच्या मागे आणखी एकाने. खोलीत बराच वेळ फक्त गिळण्याचा आणि खोकण्याचा आवाज होता.

"तुमच्या भावना मी समजू शकतो," विश्वस्त म्हणाले. त्यांचे डोळे खरोखर ओले झाले होते. "तिथे आपण एक समुपदेशक नेमू. आणि पाण्याचं म्हणाल तर नागपूरला प्रत्येक मजल्यावर थंड पाण्याचं फिल्टर बसवलेलं आहे."

बाहेर आल्यावर शेषरावभाऊ म्हणाले, "आपन त्याहिले तहान सांगतली नोहती."

*

वेणूची तारीख नागपूरची निघाली. मी शब्द दिला होता, म्हणून जायचं ठरवलं. तिथे भरती आदल्या दिवशी दुपारी आणि भेटीची वेळ फक्त सकाळची, असं फोनवर कळलं. म्हणून ऑपरेशनच्याच दिवशी सकाळच्या एसटीने निघाले. जामला शेषरावभाऊ चढले.

इमारत मोठी आणि स्वच्छ होती. वेणू वरच्या मजल्यावर हिरवा झगा घालून खाटेवर बसली होती. बांगड्या काढलेल्या होत्या. दिलीपच्या मुठीत मंगळसूत्र होतं. आम्हाला पाहून तिने माझा हात असा धरला की सोडवेना.

"आल्या ताई! मले वाटलं आता काही कोनी येत नाई. रातभर इथं माह्यासंगं कोनी बोललं नाई. सगळे हिंदीत कागद मांगतेत."

शेषरावभाऊंनी फिल्टरचं पाणी पेल्यात भरून आणलं. मी स्टुलावर बसले. वेणूचे डोळे माझ्या तोंडावर होते. मी प्याले. त्या दिवशी मला खोकला कमी आला, चांगलं जमलं. वेणूचा चेहरा मोकळा झाला. अर्धा पेला माझ्या हातात होता. मी तोंड पुसायला पदर घेतला, तेवढ्यात तिने पेला उचलला, डोकं माझ्यासारखंच वाकवलं, दम धरला आणि गटकन पिऊन टाकलं. वर खोटंखोटं खोकलीसुद्धा.

"असंच न ताई?"

आम्ही तिघंही हसलो. दिलीपही हसला. त्याला हसताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

थोड्या वेळाने नर्स आली. "सुबह से कुछ खाया-पिया तो नहीं?"

"खाल्लं नाई," वेणू म्हणाली. तिचा आवाज खणखणीत होता. "पानी पेली न. ताईनं शिकवलं तसं पेली."

नर्सच्या चेहऱ्याकडे पाहिलं तेव्हा मला मोठ्या सिस्टर आठवल्या, आणि तो चटकन उचललेला पेला. आज फक्त पाहायचं. ऑपरेशनच्या आधी पोट रिकामं लागतं, भूल देताना पोटातलं पाणी छातीत जाऊ शकतं. त्यांच्या वॉर्डात ही रीत आदल्या दुपारी होत असे, आणि पेला त्या स्वतः घेऊन जात. आम्ही रीत तेवढी नागपूरला नेली होती. तिची राखण करणारी बाई वर्ध्यालाच होती.

आमचे डॉक्टर ऑपरेशन थिएटरमधून आले. रागावले नाहीत. "काही तास थांबून केलं असतं, पण आज पुढची सगळी ऑपरेशनं ठरलेली आहेत," म्हणाले. "पुढच्या आठवड्यात नक्की. वेणूबाई, घाबरायचं नाही." वेणूने मान हलवली. मग तिने झगा उतरवला आणि बांगड्या मागितल्या.

परतीच्या बसमध्ये शेषरावभाऊ माझ्या पुढच्या बाकावर बसले. जामला उतरताना म्हणाले, "मॅडम, पानी मीच आनलं होतं."

*

पुढच्या आठवड्यात वेणू नागपूरला गेली नाही. तिचा फोन लागेना, म्हणून बाजाराच्या दिवशी मी आष्टीला गेले.

तिचा आवाज लांबूनच ऐकू आला. "घ्या वांगे, घ्या मेथी, ताजी हाये, काल तोडली!" ती गोणपाटावर बसली होती. मला पाहून तिने बाजूला जागा केली. मी बोलू लागले. बाजाराच्या गोंधळात माझं बोलणं म्हणजे नुसते आवाज. समोरची गिऱ्हाईक बाई थबकली.

"ह्या काय म्हनून राह्यल्या वो?"

"मले दवाखान्यात चाल म्हनून राह्यल्या," वेणूने तिला सांगितलं, आणि मेथीची जुडी तिच्या पिशवीत टाकली.

"मंग जाय न. काऊन नाई जात?"

"जातो न. आधी तुही मेथी तं घेऊन जाय."

बाई गेल्यावर वेणू माझ्याकडे वळली. आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, पान्यानंच अडवलं मले. निघाल्यावर अडथळा आला का मानूस मांगं फिरते न? मी फिरली."

"ते पाणी माझ्यामुळे..."

"तुमी काई नाई केलं. तुमी तं आल्या. पन तिथं मले कोनी वयखत नाई ताई. वर्ध्याले मोठ्या सिस्टर होत्या, तुमी होत्या, तो शेषरावभाऊ होता. वर्ध्याले असतं तं मी डोये मिटून गेली असती."

मी तिला खूप सांगितलं. पुन्हा येते म्हटलं, सोबत राहते म्हटलं. तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "जाईन. कपाशीचा येचा आटपला का जाईन. तवरिक बोलता येते तं बोलून घेतो." आणि पुन्हा वांग्यांचा भाव ओरडू लागली.

मी बसस्थानकापर्यंत चालत गेले. तिचा आवाज बराच लांबपर्यंत येत होता. मला इतकी भीती पूर्वी कधी वाटली नव्हती, माझ्या स्वतःच्या रिपोर्टच्या दिवशीसुद्धा नाही.

*

वेचा आटपला, उन्हाळा आला. एका मंगळवारी मी ओसरीत बसले होते. दिलीप वेणूला धरून घेऊन आला. मान सुजलेली, तोंड उघडत नव्हतं. तिचं बोलणं आता दिलीपला कळत नव्हतं. मला कळत होतं. मी त्याला सांगत होते, आणि माझं त्याला कळेना तेव्हा मोठ्या सिस्टर सांगत होत्या.

तपासून झाल्यावर डॉक्टरांनी आता ऑपरेशन होणार नाही असं सांगितलं. वेणूने खाली मान घातली. मग बाकावर माझ्याशेजारी येऊन बसली.

मोठ्या सिस्टर पाण्याचा पेला घेऊन आल्या. सवयीने आणला असेल, किंवा तिला तहान लागली असेल असं वाटून. वेणूने तो हातात घेतला, पाहिला, आणि माझ्याकडे सरकवला.

"तुमी प्या," ती म्हणाली. "मी पाह्यतो."

मी डोकं वाकवलं, दम धरला आणि प्याले. तिने सगळा पेला संपेपर्यंत पाहिलं.

*

वेणू पावसाळ्यात गेली. दिलीप आता बाजारात बसतो. तो ओरडत नाही, भाव पाटीवर लिहून ठेवतो.

ऑपरेशनं नागपूरलाच होतात. निवेदनाचं पोचपत्र आलं, पुढे काही आलं नाही. आमच्या जुन्या वॉर्डात आता डोळ्यांचा विभाग आहे. तपासणी मंगळवारीच असते, ओसरीही तीच आहे. नागपूरची तारीख मिळालेलं कोणी तपासणीला आलं, तर मोठ्या सिस्टर त्याला आमच्या बाकाकडे पाठवतात. तारीख चार दिवसांवर असो की महिन्यावर, आम्ही तेव्हाच पाणी पिऊन दाखवतो. पेला सिस्टरांच्या हातून येतो आणि त्यांच्याच हातात परत जातो. नागपूरला त्या माणसाला कोण भेटतं, आम्हाला कळत नाही. काही परत येतात आणि बाकावर बसतात. काही येत नाहीत.

प्रभाकर सकाळी पेपर वाचतात, मोठ्याने. दाढी करायच्या आधी.

माझी अर्धी जीभ उरली आहे. येत्या मंगळवारी माझी तपासणी आहे.